त्याला सगळं चालतं, म्हणे!

कुत्र्याच्या खाण्याविषयी आपल्याकडे तीन मतं ठासून सांगितली जातात. पहिलं असं की, कुत्रं मांसाहारी. त्याला गाजर-काकडी खाऊ घालणं हे पुण्या-मुंबईचे चोचले. दुसरं, गावठी कुत्र्याला काही होत नसतं. माणूस खातो ते सगळं त्याला चालतं. तिसरं, आमचं घर माळकरी, तेव्हा आमचं कुत्रंही माळकरीच. कुंभार पिंपळगावात पारावर बसा, नाहीतर जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यात कुठल्याही आखाड्यावर, म्हणजे शेतवस्तीवर, जा. ही तिन्ही मतं एकाच बैठकीत कानावर पडतील, कधी कधी तर एकाच माणसाच्या तोंडून. ती एकमेकांना खोटं पाडतात, पण त्याची कुणाला अडचण वाटत नाही. कारण तिन्हींची सोय एकच आहे. पहिल्या मतात कुत्र्याच्या पूर्वजांचा विचार आहे, दुसऱ्यात आपल्या ताटाचा, तिसऱ्यात आपल्या गळ्यातल्या माळेचा. खुद्द कुत्र्याच्या शरीराचा विचार कुठेच करावा लागत नाही.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. फळं आणि भाज्या कुत्र्याला परक्या नाहीत, पण त्याचं शरीर म्हणजे आपलं शरीर नव्हे. त्याला काय घालायचं हे त्याच्या पोटावरून, रक्तावरून आणि मूत्रपिंडावरून ठरलं पाहिजे. आपल्या जिव्हाळ्याचा, व्रताचा किंवा टोपल्यात काय उरलं याचा तिथे संबंध नाही. हे एकदा मान्य केलं की तिन्ही मतं कोसळतात. ती कशी, ते एकेक करून पाहू.

मांसाहाराच्या मतापासून सुरुवात करतो, कारण ते शास्त्राचा आव आणतं. कुत्रं लांडग्याच्या कुळातलं, हे खरंच आहे. पण कुळ सांगून पोट कळत नाही. २०१३ साली स्वीडनमधल्या एरिक अॅक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्रे आणि लांडगे यांच्या जनुकांची तुलना ‘नेचर’ या नियतकालिकात मांडली. पिष्टमय पदार्थ फोडणारं अमायलेज हे पाचकद्रव्य स्वादुपिंडात तयार करायला एक जनुक लागतं. लांडग्यात त्या जनुकाच्या दोनच प्रती सापडल्या. कुत्र्यांत त्या चारपासून तिसापर्यंत निघाल्या. पुढे २०१६ मध्ये युरोपातल्या प्राचीन कुत्र्यांच्या हाडांतून काढलेल्या जनुकद्रव्यातही या वाढीव प्रती दिसल्या, आणि त्यातली काही हाडं सुमारे सात हजार वर्षांपूर्वीची होती. उलट, ज्यांच्या माणसांनी शेती फारशी केलीच नाही अशा हस्की आणि डिंगोसारख्या कुत्र्यांत प्रती कमी आढळल्या. याचा अर्थ उघड आहे. माणसानं धान्य पेरलं, आणि त्याच्या उंबऱ्याशी बसलेल्या कुत्र्याच्या पोटानं ते धान्य पचवायचं शिकून घेतलं.

आता प्रयोगशाळा बाजूला ठेवू आणि पारावरचाच पुरावा घेऊ. कुत्रं मांसाहारी असल्याचं जो गृहस्थ ठणकावून सांगतो, तो आपल्या राखणीच्या कुत्र्याला महिन्यातून किती दिवस मटण घालतो? रोज पडतो तो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा, कधी शिळी पोळी, कधी उरलेला भात. भाकरी टाकताना त्याला मांसाहाराचा सिद्धांत आठवत नाही. कुणी गाजर पुढे केलं की मात्र लांडगा आठवतो. ज्वारी वनस्पती आहे आणि गाजरही वनस्पतीच आहे. एक गावात रोज घातली जाते म्हणून नैसर्गिक, आणि दुसरं शहरात घातलं जातं म्हणून चोचला, असं वर्गीकरण कुठल्याही पशुवैद्यकाच्या पुस्तकात नाही.

चवीचंही तेच. गोड चव ओळखणारी ग्राहक-रचना मांजरात निकामी आहे, हे २००५ साली दाखवून दिलं गेलं. कुत्र्यात मात्र ती शाबूत आहे. म्हणून पिकलेल्या आंब्याच्या फोडीसाठी कुत्रं शेपूट हलवत बसतं आणि मांजर ढुंकूनही पाहत नाही. गाजरातल्या बीटा-कॅरोटिनपासून अ जीवनसत्त्व बनवणं कुत्र्याच्या शरीराला जमतं. मांजराला ते जमत नाही. तेव्हा कुत्र्याला गाजर आवडणं हे काही मालकानं लावलेलं खूळ नाही. त्याच्या जिभेला गोडी कळते आणि त्याच्या पोटाला त्याचा उपयोग करता येतो.

मात्र इथेच थांबून दुसऱ्या टोकाला पळू नये. पचवता येतं म्हणजे त्यावरच जगता येतं असं होत नाही. कुत्र्याला प्रथिनं लागतात, चरबी लागते, आणि बी-१२ सारखं जीवनसत्त्व वनस्पतीत मिळत नाही. त्याच्या आहारात फळं-भाज्यांची जागा कोरड्यासाची आहे. पशुवैद्यकांचा सर्वसाधारण दंडक असा, की मुख्य अन्नाबाहेरचा खाऊ दिवसाच्या एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांत बसला पाहिजे. पंधरा किलोच्या धडधाकट गावठी कुत्र्याला दिवसाला साधारण ८०० कॅलरी लागतात. त्याचा दहावा भाग ८०. म्हणजे एक लहान केळं घातलं की त्या दिवसाचा कोटा संपला. गाजर घालायचं तर १०० ग्रॅममागे चाळीसेक कॅलरी, म्हणजे दोन-तीन मध्यम गाजरं. या हिशेबात उधळपट्टी कुठे आहे?

दुसरं मत जास्त धोक्याचं, कारण ते प्रेमाच्या बाजूनं बोलतं. आपण खातो ते त्यालाही देतो, यात कुणाला वाईट दिसणार? पण विष द्यायला वैरच लागतं असं नाही; ते प्रेमानंही दिलं जातं. द्राक्षांचंच पाहा. जालना जिल्ह्यात कडवंची गावानं पाणलोटाच्या कामातून आणि शेततळ्यांतून द्राक्षांच्या बागा उभ्या केल्या, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. माणसाला द्राक्षं उत्तम. पण कुत्र्याचं मूत्रपिंड ती निकामी करू शकतात. अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रानं १९९०च्या दशकाच्या अखेरीपासून जमा झालेल्या अशा प्रकरणांकडे २००१ मध्ये पशुवैद्यकांचं लक्ष वेधलं. द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेलं कुत्रं आधी उलट्या करतं, मग मलूल होतं, आणि एक ते तीन दिवसांत त्याची लघवी कमी होते किंवा थांबते. तिथून परत येणं कठीण असतं. बेदाण्यात पाणी उडून गेलेलं असतं, म्हणून तो आणखी वाईट. वजनाच्या किलोमागे तीनेक ग्रॅम बेदाण्यांनीही विषबाधा झाल्याची नोंद आहे. शिऱ्यातल्या आणि प्रसादातल्या बेदाण्यांकडे या नजरेनं किती जण पाहतात?

‘आमच्या कुत्र्यानं द्राक्षं खाल्ली, काही झालं नाही’, हे उत्तर तयारच असतं. ते खोटं नसेलही. काही कुत्री पुष्कळ द्राक्षं खाऊन खडखडीत राहतात, आणि काही थोडक्यात जातात. हा फरक का पडतो, याचं बरंचसं उत्तर २०२१ मध्ये हाती आलं. घरी बनवलेली खेळण्याची माती खाऊन एक कुत्रं आजारी पडलं. त्या मातीत टार्टारिक आम्लाचा क्षार होता आणि कुत्र्याची लक्षणं हुबेहूब द्राक्षाच्या विषबाधेची होती. त्यावरून त्याच प्राणी-विषबाधा केंद्रातल्या तज्ज्ञांनी द्राक्षातल्या टार्टारिक आम्लावर बोट ठेवलं. द्राक्षाच्या जातीप्रमाणे आणि पिकण्याच्या अवस्थेप्रमाणे हे आम्ल कमीजास्त होतं. म्हणून एका घडानं काही होत नाही आणि दुसऱ्या घडानं जीव जातो. कुठला घड कसला, हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. अशा वेळी ‘एकदा काही झालं नाही’ हा अनुभव उपयोगाचा नसतो, तो दिशाभूल करणारा असतो.

या शोधाचा आपल्याशी आणखी जवळचा संबंध आहे, आणि त्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. टार्टारिक आम्ल भरभरून असलेलं एक फळ मराठवाड्याच्या बांधाबांधावर आणि प्रत्येक फडताळात आहे: चिंच. तिच्या गरात हे आम्ल आठ ते अठरा टक्के सापडतं, द्राक्षाच्या कितीतरी पट. चिंच खाऊन कुत्र्यांना मूत्रपिंडाची तशीच इजा झाल्याचंही त्या संशोधकांनी नोंदवलं आहे. परदेशातल्या याद्यांत द्राक्ष पहिल्या ओळीत असतं, कारण तिथल्या घरात द्राक्ष असतं. आपल्या घरासाठी यादी करायची तर चिंच वर यायला हवी. चिंचा फोडायच्या दिवसांत अंगणात गराचे ढीग पडतात आणि कुत्रं त्यातच लोळत असतं. चिंचेचं सार उरलं की ते भाकरीवर ओतून त्याच्यापुढे सरकवलं जातं. हे दोन्ही बंद करायला खर्च शून्य आहे.

मग येतो कांदा-लसूण. कुत्र्यासाठी आपल्या स्वयंपाकघरातला हा सर्वांत नित्याचा धोका. कांद्यातली गंधकयुक्त द्रव्यं कुत्र्याच्या लाल रक्तपेशींतल्या हिमोग्लोबिनची नासाडी करतात, पेशी फुटतात आणि रक्त कमी होतं. वजनाच्या किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांद्यानं हे घडल्याचं दिसलं आहे; म्हणजे पंधरा किलोच्या कुत्र्याला दोन-तीन मध्यम कांदे पुरतात. थोडा थोडा रोज घातला तरी इजा साचत जाते. लसूण ग्रॅमला ग्रॅम कांद्यापेक्षा जहाल. शिजवलं, तळलं, वाळवून पूड केली, तरी विष मरत नाही. पुडीत तर ते एकवटतं. तेव्हा ‘कच्चा नाही घातला, फोडणीतलाच होता’ या बचावात दम नाही. आमटी, झुणका, ठेचा, मटणाचा रस्सा यांतलं काहीही कुत्र्याच्या भाकरीवर पडता कामा नये. मटणाचं खरकटं घालायला मांसाहारवादी सर्वांत पुढे असतात; त्या रश्श्यात कांदा-लसणाचं वाटण किती असतं हेही त्यांनी घरात विचारून घ्यावं.

आता ‘गावठी कुत्र्याला काही होत नाही’ या वाक्याचा समाचार घ्यायला हवा, कारण बाकी सगळी बेफिकिरी त्याच्या आधारावर उभी आहे. हे वाक्य कुणाकडे पाहून म्हटलं जातं? पारासमोर जिवंत बसलेल्या कुत्र्याकडे पाहून. जे गेलं, ते साक्ष द्यायला येत नाही. गावात म्हैस मेली तर पंचनामा होतो, विम्याची चौकशी होते. कुत्रं मेलं तर दोरी बांधून ओढून नेतात. कशानं मेलं, हे कुणी लिहून ठेवत नाही. त्यात कांद्याची इजा लगेच दिसतही नाही. खाल्ल्यावर तीन-चार दिवसांनी हिरड्या पांढुरक्या पडतात, धाप लागते, लघवी लालसर-तपकिरी होते. तोवर सोमवारी काय घातलं होतं हे घरातल्या कुणालाच आठवत नाही, आणि ‘उन्हानं गेलं’, ‘कुणीतरी औषध घातलं’ असा निकाल लागतो. नोंदच नाही तिथे ‘काही होत नाही’ असं म्हणणं हा अनुभव नव्हे. तो नोंद न ठेवण्याचा परिणाम आहे.

याला जोडून आणखी एक समज येतो: मुक्या जनावराला कळतं, वाईट असेल तर ते तोंड लावणार नाही. कुत्र्याच्या नाकाबद्दल मला आदर आहे, पण नाकाला टार्टारिक आम्लाचा परिणाम कळत नाही. द्राक्ष गोड लागतं म्हणून ते खातं. कणसाचं दांडकं गिळतं, कारण त्याला लोणी-मीठ लागलेलं असतं. कळत असतं, तर विष कालवलेल्या घासानं गावोगाव कुत्री मेलीच नसती. निवड करायची जबाबदारी माणसाकडे आहे; ती कुत्र्याच्या अंगी नसलेल्या शहाणपणावर ढकलणं ही पळवाट आहे.

विषाइतकाच दुसरा धोका अडकण्याचा, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. आंब्याचा गर कुत्र्याला चालतो. कोय चालत नाही. मक्याचे उकडलेले दाणे चालतात. दाणे काढलेलं दांडकं चालत नाही. बोराचा गर चालेल, पण कुत्रं बोर बीसकट गिळतं. उसाची चिपाडं पचत नाहीत. कोय किंवा दांडकं आतड्यात अडकलं की उपाय एकच, शस्त्रक्रिया. ती तालुक्याच्या दवाखान्यात होईलच असं नाही, आणि परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाईतो वेळ हातात राहीलच असंही नाही. मक्याचं कणीस खाऊन दांडकं सहज मागे भिरकावणारा हात या एका कारणासाठी तरी आवरला पाहिजे.

मोसंबीचा मुद्दा वेगळा काढावा लागतो, कारण तिथे अभिमान आड येतो. जालना मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जिल्ह्याचं नाव ज्या फळामुळे बाजारात चालतं, ते आपल्या कुत्र्यानंही खावं असं वाटणं समजू शकतं. त्याला शास्त्राचं ठिगळही लावलं जातं: ‘क’ जीवनसत्त्व मिळतं म्हणे. मिळत असेल, पण कुत्र्याला ते बाहेरून घ्यायची गरजच नाही. माणसाच्या शरीरात ‘क’ जीवनसत्त्व तयार होत नाही; कुत्र्याचं यकृत ते स्वतः तयार करतं. आजारी माणसाला मोसंबीचा रस पाजतात म्हणून आजारी कुत्र्याला तो पाजणं, हे दुसऱ्या मताचंच रूप आहे. मोसंबीच्या सालीतली तेलं कुत्र्याच्या पोटाला बाधतात, उलट्या-जुलाब होतात. साल, बी आणि पांढरा पापुद्रा काढून एक-दोन फोडी दिल्या तर निरोगी कुत्र्याला काही होणार नाही. पुष्कळ कुत्री त्या वासानंच तोंड फिरवतात. त्यांनी फिरवलं, तर मागे लागू नये. बागेत गळून पडलेली, बुरशी धरलेली फळं मात्र त्यांच्या तोंडी लागू देऊ नयेत. काही बुरशींच्या विषानं कुत्र्याला थरथर सुटते आणि झटके येतात. हे कुठल्याही नासक्या अन्नाला लागू आहे.

राहिलं तिसरं मत. हा टापू संतांचा आहे. समर्थांचं जांब जवळच, नाथांचं पैठण गोदाकाठीच. घरात माळ असते, आणि म्हणून कुत्र्याच्या ताटातही अंडं येत नाही. या श्रद्धेची थट्टा मला करायची नाही. पण तिच्या समर्थनासाठी जी कथा सांगितली जाते, ती नीट वाचली पाहिजे. कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेत नामदेवांनी कुत्र्याला आपला नेम शिकवला नाही. कोरडी भाकरी त्याला जड जाईल, ही त्याच्या घशाची काळजी केली. कथेचा अर्थ घ्यायचाच असेल तर तो असा आहे: आधी त्याची गरज बघ. शाकाहारी घरात कुत्रं पाळता येतं का? येतं. पण मग प्रथिनांची भरपाई कशानं करायची, हे पशुवैद्यकाला विचारून ठरवावं लागतं. नुसती भाकरी आणि ताक घालून ‘आमचं कुत्रं एकादशी करतं’ असं कौतुक सांगणं म्हणजे त्याच्या उपासमारीला पुण्याचं नाव देणं आहे. भोपळा आणि गाजर यांनी अंड्याची जागा भरून निघत नाही, हेही भाजी-फळांची बाजू घेणाऱ्या माझ्यासारख्यानं स्पष्ट सांगितलं पाहिजे.

एक आक्षेप यांहून गंभीर आहे, आणि त्याला उत्तर न देता पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. ‘ज्या मुलखात २०१२-१३च्या दुष्काळात मोसंबीच्या उभ्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी त्यांवर स्वतःच्या हातानं कुऱ्हाड चालवली, तिथे कुत्र्याच्या गाजराची चर्चा शोभते का?’ शोभते, आणि मुद्दाम तिथेच शोभते. या लेखातला बहुतेक भाग काय घालू नये याविषयी आहे, आणि न घालण्याला पैसे लागत नाहीत. जे घालायचं, तेही विकत आणायचं नाही: भाजी निवडताना उरणारा गाजराचा बुडखा, भोपळ्याची एक फोड, पपईचा एक तुकडा. शेतवस्तीवर रानडुकरं हाकणारं, रात्री चोराची चाहूल देणारं कुत्रं गमावणं ही गरीब शेतकऱ्याला श्रीमंतापेक्षा मोठी झळ आहे. शहरातल्या माणसाचं कुत्रं आजारी पडलं तर चोवीस तास उघडा दवाखाना असतो. आखाड्यावर शहाणपण हाच दवाखाना. म्हणून हे ज्ञान शहरी चैनीचं नाही. त्याची गरज आखाड्याला जास्त आहे.

भीती घालणाऱ्यांनाही एक शब्द. हल्ली फोनवर विषारी पदार्थांच्या अशा याद्या फिरतात की त्या वाचून माणूस कुत्र्याला पाणी पाजायलाही घाबरेल. सफरचंदाच्या बीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, हे खरं. पण एक बी गिळून कुत्रं मरत नाही. पिकलेला लाल टोमॅटो विष नाही; बाधतो तो हिरवा टोमॅटो, त्याचा पाला आणि देठ. उकडलेला बटाटा चालतो. हिरवी झाक आलेला किंवा मोड आलेला कच्चा बटाटा चालत नाही. सगळ्यालाच विष म्हटलं की माणूस यादीच फेकून देतो, आणि तिच्याबरोबर द्राक्ष-कांद्याचा खरा इशाराही जातो. धोक्यांची प्रतवारी करता आली पाहिजे. द्राक्ष, बेदाणा, चिंच, कांदा, लसूण: यांना सक्त मनाई. कोय, दांडकं, बिया, साली: काढून टाकायच्या. बाकीच्यांत प्रमाण सांभाळायचं.

मग घालायचं काय? गाजर, कच्चं किंवा उकडलेलं, बोटाएवढे तुकडे करून. लाल भोपळा, उकडून, तेल-मीठ-मसाला न घालता. पोट बिघडलेल्या कुत्र्याला तो थोडा थोडा मानवतो. काकडी, उन्हाळ्यात उत्तम, कारण तिच्यात जवळजवळ सगळं पाणीच. घेवड्याच्या शेंगा आणि मटार उकडून. रताळं उकडून, सालीशिवाय. एकादशीला घरात शिजतंच, त्यातला एक तुकडा त्याचा. फळांत बिया काढलेली पपई, केळं, बी आणि देठ काढलेलं सफरचंद, कोय काढलेला आंबा, बिया आणि साल काढलेलं कलिंगड, आणि थोडासा पेरू. कोबी-फुलकोबी थोडी, नाहीतर वायूचा त्रास. सीताफळ द्यायचं तर एकही बी राहू द्यायची नाही; बिया बाधक आहेत, आणि प्रत्येक बी काढत बसण्याइतका धीर नसेल तर सीताफळ देऊच नये. दुधी आणि काकडी आधी स्वतः चाखावी. कडू लागली तर ती माणसालाही बाधते आणि कुत्र्यालाही, सरळ फेकून द्यावी. बाजारातून आणलेली कुठलीही भाजी फवारणी झालेली असू शकते, तेव्हा कुत्र्यासाठीही ती धुऊनच घ्यावी. नवीन काही घालायचं तर पहिल्या दिवशी एकच तुकडा. मधुमेह असलेल्या किंवा लठ्ठ कुत्र्याला गोड फळं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

आणि चूक झालीच, कुत्र्यानं द्राक्षं, चिंच किंवा कांदा खाल्ला, तर काय करायचं? मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा गावठी उपाय करू नये. रक्तातलं मीठ वाढून त्यानंच जीव जाऊ शकतो. तूप, दूध, तेल पाजून विष उतरत नाही. किती खाल्लं, कधी खाल्लं आणि कुत्र्याचं वजन अंदाजे किती, एवढं लक्षात ठेवून लगेच पशुवैद्यकाला फोन करावा. पहिल्या दोन तासांत योग्य औषधानं उलटी करवता आली तर पुष्कळदा पुढचं सगळं टळतं. कुत्रं बरं दिसतंय म्हणून सकाळची वाट पाहणं हीच सर्वांत महागडी चूक ठरते, कारण द्राक्ष आणि कांदा दोन्ही उशिरा बोलतात.

तेव्हा निवाडा असा. कुत्रं फक्त मांसाहारी आहे, हे खोटं. त्याला सगळं चालतं, हे त्याहून खोटं. आपला नेम तोच त्याचा नेम, हा त्याच्यावर अन्याय. वाचकांना विनंती एवढीच: आज रात्री भाकरीचा तुकडा टाकाल तेव्हा त्यावर आमटी ओतू नका. तो कोराच टाका, नाहीतर दूध किंवा तूप लावून टाका, आणि शेजारी एक गाजर ठेवा. घरातल्या पोरांनाही सांगा की द्राक्ष, बेदाणे आणि चिंच ही कुत्र्याची नाहीत. खाऊ वाटण्याची हौस पोरांनाच सर्वांत जास्त असते.